मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडीचा एसी हायवेवर गार, सायनच्या ट्रॅफिकमध्ये कोमट

नमस्कार मंडळी,

गाडी पूर्ण इलेक्ट्रिक, बॅटरी लिक्विड कूल्ड. गाडीची वॉरंटी संपली आहे, बॅटरीची चालू आहे. परतीचा पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं तसा एसीने त्रास सुरू केला. मुलुंडहून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागलो की छेडानगरपर्यंत छान गार हवा येते. सायनला गाड्या तुंबल्या की थोड्याच वेळात हवा कोमट होते, आणि दादर टीटी येईस्तोवर नुसता पंखा लावल्यासारखं वाटतं. रस्ता मोकळा झाला की पुन्हा गार.

आईची केमो परळला चालू आहे. परत येताना तिला आधीच मळमळत असतं, त्यात ही उकड तिला अजिबात सोसत नाही. त्यामुळे हे लवकर, आणि मुख्य म्हणजे नीट सुटायला हवं.

आतापर्यंत पाहिलेलं सांगतो. केबिन फिल्टर नवा आहे. आतली हवा आतच फिरवणारं बटण चालू असतं. इको मोड काढून पाहिला, फरक नाही. मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर अडकवला तर हायवेवर 9 अंश, सायनला 22 च्या पुढे. ब्लोअरचा जोर मात्र तसाच राहतो. डावीकडे-उजवीकडे हवा सारखीच येते, म्हणून गार-गरम हवा मिसळणाऱ्या आतल्या फ्लॅपची शंका मी सोडून दिली. एक गोष्ट कोड्यात टाकते: मध्ये एका संध्याकाळी धो धो पाऊस होता, तेव्हा त्याच सायनला, तेवढ्याच ट्रॅफिकमध्ये एसी व्यवस्थित चालला.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सकाळच्या वेळी शेडमध्ये पाच मिनिटं एसी लावला आणि 'नॉर्मल आहे' म्हणून गाडी परत दिली. ओळखीच्या गॅरेजवाल्याने बंद गाडीला दाब मोजायचं गेज लावून 'गॅस कमी आहे, मारून देतो' म्हटलं. त्याला मी थांबवलं. इलेक्ट्रिक गाडीच्या कंप्रेसरमध्ये हाय व्होल्टेजची मोटर आतच बसवलेली असते आणि गॅस व तेल तिच्या वाइंडिंगवरूनच वाहतं. म्हणून तिथे वीज न वाहून नेणारं पीओई तेल लागतं. साध्या गाड्यांचं पीएजी तेल गॅस भरायच्या मशीनच्या पाइपमधून थोडंसं जरी आत गेलं तरी इन्सुलेशन कमकुवत होऊ शकतं, आणि मग गाडी चालूच व्हायला नकार देण्यापर्यंत वेळ येऊ शकते. एसीसाठी एवढी जोखीम मी घेणार नाही.

पेट्रोलच्या गाडीत कंप्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून सिग्नलला गारवा कमी झाला तर ते समजतं. इथे तो थेट मोठ्या बॅटरीवर चालतो, गाडी उभी असो की पळत असो. मग उभं राहिल्यावरच का बिघडतं? आणि पीओई तेलाचं वेगळं मशीन ठेवणारा कोणी मुंबईत माहीत आहे का?

प्रतिसाद, कांजूरकर:
तुमचं उत्तर त्या पावसात आहे. बंपरमागचा कंडेन्सर गॅसमधली उष्णता बाहेर टाकतो. गाडी पळताना त्याला वारा मिळतो, उभी असताना सगळा भार त्याच्या पंख्यावर येतो. पंखा कमी पडला की दाब चढतो आणि कंट्रोलर कंप्रेसरला वाचवायला त्याचा वेग उतरवतो. पावसात कंडेन्सर भिजून थंड राहिला, म्हणून एसी चालला.

पंखा फिरतो एवढंच पाहून समाधान मानू नका. बऱ्याचदा हळू फिरतो पण जोरात फिरण्याचा भाग गेलेला असतो. उन्हात गाडी उभी करून एसी पूर्ण लावा, हवा कोमट झाली की बॉनेट बंद ठेवूनच पुढच्या जाळीतून बागेच्या पाइपने हलकं पाणी सोडा. व्हेंटचा आकडा झरझर उतरला तर दोष पंखा किंवा कंडेन्सरचा. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबलांच्या जवळही जायचं नाही. पावसाळ्यातला चिखल, पानं, प्लॅस्टिकची पिशवी कंडेन्सरवर अडकलेलीही मी पाहिली आहे. प्रेशर जेट मात्र मारू देऊ नका, कंडेन्सरचे पातळ पत्रे दुमडतात.

प्रतिसाद, नीलांबरी:
गॅरेजवाल्याच्या गेजबद्दल. एसीतला गॅस आर-134ए असेल तर 30 अंशांना बंद गाडीत दाब साधारण 95 ते 100 पीएसआय दिसतो, गॅस पूर्ण असो की निम्मा, आत द्रव शिल्लक आहे तोवर. त्यावरून गॅस कमी की जास्त हे कळतच नाही. सगळा गॅस काढून वजन करायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमशी ताडायचा, एवढाच खरा मार्ग. तेही पंखा तपासून झाल्यावर. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून गाडी उन्हात उभी असताना हाय साइडचा (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा) दाब, कंप्रेसरचा वेग आणि पंख्याला जाणारी कमांड दाखवा म्हणून सांगा. शेडमधल्या पाच मिनिटांत काही कळणार नाही.

आईंसाठी एक करा: निघण्याआधी गाडी चार्जरला असतानाच अ‍ॅपवरून एसी लावून ठेवा. परळहून परतताना चार्जर नसला तरी त्या बसायच्या आधी दहा मिनिटं लावा. फास्ट चार्जिंग करून लगेच त्यांना घ्यायला मात्र जाऊ नका. लिक्विड कूल्ड बॅटरी बऱ्याच गाड्यांत याच गॅसने थंड होते, आणि ती तापली की केबिनच्या वाट्याला गारवा कमी येतो. काळजी घ्या.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आज दुपारी सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचा पाइप लावून पाणी सोडलं. 21 वरून बघता बघता 12 वर आलं. पंखा चालू होता, पण पूर्ण वेळ एकाच हळू वेगात. कंडेन्सरच्या खालच्या बाजूला चिखलही बराच आहे, तो हलक्या पाण्याने धुतला, तरी पाणी सुकल्यावर हवा पुन्हा कोमट.

म्हणजे गॅसला हात लावायचा नाही हे पक्कं. सर्व्हिस सेंटरची वेळ घेतली आहे. स्कॅनरचे तिन्ही आकडे कागदावर लिहून मागणार आहे. आता एवढंच सांगा: पंख्याचा वेग ठरवणारं कंट्रोल मॉड्यूल सुटं मिळतं, की पूर्ण पंखा असेंब्लीच बदलावी लागते? कोणी बदललं असेल तर गाडी किती वेळ ठेवून घेतात तेही लिहा. आईच्या पुढच्या तारखेआधी ती हातात हवी आहे.