मदत हवी आहे: पाहिलेलं, ऐकलेलं, टिपलेलं सगळं एकत्र कसं नोंदवता?

मंडळी, गेले काही महिने मी पिक्चर, पॉडकास्ट, गाणी आणि काढलेले फोटो यांची नोंद ठेवतोय, पण सगळं चार ठिकाणी विखुरलंय. पिक्चरचं सोपं आहे, लेटरबॉक्स्ड या पिक्चर नोंदवायच्या साइटवर तारखेसकट डायरी होते आणि सीएसव्ही फाइलही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाइल) काढून घेता येते. पॉडकास्टचं मात्र अवघड, कारण मला अख्खा एपिसोड नाही तर त्यातलं एखादं वाक्य जपायचं असतं, परवा भांडी घासताना ४२व्या मिनिटाला एक वाक्य इतकं लागलं की ओल्या हातानेच पॉज करून वहीत लिहिलं, पानावर पाण्याचा डाग अजून आहे. फोटोंच्या फाइलमध्ये एक्झिफ डेटा असतो, तारीख, शटर स्पीड, अ‍ॅपर्चर वगैरे, पण मेसेजमधून साधा फोटो म्हणून पाठवला की बहुतेक वेळा ते उडतं. आणि फोटो काढताना कानात कुठलं गाणं चालू होतं ते मला त्याच्या शेजारीच हवंय, माझ्यासाठी तेच जास्त मोलाचं आहे.

कोणी साधी स्प्रेडशीट वापरतं का, की वहीच बरी? दहा वर्षांनीही उघडेल असं हवंय. कॉलम कुठले ठेवता तेही सांगा, जमलं तर एखाद्या नोंदीचा नमुना टाका प्लीज.