टोमोग्राफीच्या चित्रांतील लाल-निळे प्रदेश कितपत खरे मानावेत?

प्रश्न

भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीच्या अंतरंगाचे चित्र काढणे म्हणजे टोमोग्राफी. तिने काढलेली प्रावरणाची, म्हणजे कवच आणि गाभा यांमधल्या जाड थराची, त्रिमितीय चित्रे पाहिली, की आफ्रिकेखाली आणि प्रशांत महासागराखाली गाभ्याला टेकलेले दोन प्रचंड लाल प्रदेश प्रत्येक चित्रात आढळतात. माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्र, कोला द्वीपकल्पावरचे, 12,262 मीटरांवर थांबले. गाभ्याची सीमा मात्र सुमारे 2,890 किलोमीटर खोल आहे. इतक्या खोलवरचे चित्र संगणक काढतो, तेव्हा त्यात निरीक्षण किती आणि गणिताची सोय किती असते? दोन गटांची चित्रे शेजारी ठेवली, तर मोठे आकार जुळतात, पण बारकावे जुळत नाहीत. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर 1

आपली शंका रास्त आहे. या चित्रांचा मूळ कच्चा माल बहुतेक वेळा एकच असतो: भूकंपाची लहर नोंद करणाऱ्या स्थानकावर केव्हा पोचली ती वेळ. भूकंपकेंद्रापासून 60 अंशांवरच्या स्थानकावर पी लहर (सर्वांत आधी पोचणारी, दाबाची लहर) साधारण दहा मिनिटांत पोचते. 1981 मध्ये जेवॉन्स्की आणि अँडरसन यांनी मांडलेल्या संदर्भ प्रतिरूपासारख्या (पृथ्वीतील लहरींच्या वेगांच्या गणिती नमुन्यासारख्या), फक्त खोलीनुसार बदलणाऱ्या प्रतिरूपावरून अपेक्षित वेळ काढायची आणि प्रत्यक्ष वेळेशी ताडून पाहायची. फरक येतो तो एखाद-दोन सेकंदांचा. लहरीचा पहिला हेलकावा समुद्राच्या लाटांमुळे होणाऱ्या सततच्या थरथरीत बुडालेला असेल, तर वेळ टिपतानाच अर्ध्या सेकंदाची चूक होऊ शकते, हे विसरू नये.

शिवाय उशीर झाला एवढेच ती लहर सांगते, वाटेत कुठे झाला ते सांगत नाही. ते कळण्यासाठी त्याच भागातून निरनिराळ्या दिशांनी गेलेल्या पुष्कळ लहरी लागतात. भूकंप मुख्यतः भूपट्टांच्या सीमांवर होतात आणि स्थानके बहुतांशी जमिनीवर असतात. त्यामुळे काही भागांतून लहरींची दाटी, तर काही भागांतून जवळजवळ एकही नाही, अशी स्थिती असते. ही उणीव भरून काढण्यासाठी गणितासाठी प्रावरणाचे जे ठोकळे पाडतात त्यांतील शेजारच्या ठोकळ्यांतील वेगांत फार तफावत नसावी, अशी अट गणितात घालावी लागते. अट किती कडक ठेवायची हे संशोधक ठरवतो, आणि बारकावे गटागणिक बदलण्याचे एक मोठे कारण हेच आहे.

उत्तर 2

वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. चित्राची परीक्षा घेण्यासाठी बुद्धिबळाच्या पटासारखे वेगवान आणि मंद चौकोनांचे काल्पनिक प्रावरण घेतात, त्यातून लहरी गेल्याचे गणित करतात आणि त्या वेळांवरून पट परत मिळतो का ते पाहतात. मी अशी चाचणी केली, तेव्हा स्थानकांच्या दाटीखाली चौकोन ठसठशीत उमटले. महासागराखाली मात्र लहरींच्या वाटेला समांतर अशा लांबट रेघा उरल्या. तशा रेघा खऱ्या चित्रात दिसल्या, तर त्यांना भूशास्त्रीय अर्थ देण्याचा मोह मी टाळतो. मात्र या चाचणीत वेळा निर्माण करायला आणि उलगडायला एकच सिद्धांत वापरलेला असतो, म्हणून सिद्धांतातील त्रुटी तिच्यात लपून राहते.

ती त्रुटी कमी करण्यासाठी आता लहरीला बारीक किरण न मानता स्थानकावर नोंदला गेलेला तिचा संपूर्ण आलेख वापरतात. कोमातिच आणि ट्रॉम्प यांनी पुढे आणलेल्या वर्णपटीय घटक पद्धतीने (पृथ्वीचे छोटे तुकडे कल्पून लहरीचे गणित सोडवण्याच्या पद्धतीने) महासंगणकावर अख्ख्या पृथ्वीतून लहर सोडली जाते. मग गणिताचा आणि खरा आलेख यांतील फरक प्रत्येक स्थानकावरून, काळ उलटा फिरवून, पुन्हा पृथ्वीत सोडतात. दोन्ही लहरी जिथे एकमेकींशी जुळतात, तिथे प्रतिरूप बदलायचे. प्रत्येक भूकंपासाठी, प्रत्येक फेरीत, हे नव्याने करावे लागते. तरीही जिथून लहरच गेली नाही, तिथली माहिती महासंगणक निर्माण करू शकत नाही.

उत्तर 3

मोठ्या आकारांवर भरवसा ठेवता येतो, कारण त्यांना स्वतंत्र पुरावे आहेत. इंगे लेमान यांनी 1936 मध्ये अंतर्गाभा, म्हणजे गाभ्याच्या आतला गोळा, ओळखला, तो 1929 च्या न्यूझीलंडमधील भूकंपाच्या, छायापट्ट्यात (गाभ्यामुळे थेट पी लहर जिथे पोचत नाही त्या पट्ट्यात) अनपेक्षितपणे उमटलेल्या पी लहरींवरून, संगणकाशिवाय. तो घन आहे हे 1971 मध्ये वेगळ्याच मार्गाने, म्हणजे मोठ्या भूकंपानंतर संपूर्ण पृथ्वी घंटेसारखी कंप पावते त्या मुक्त दोलनांवरून, दाखवले गेले. यांतील सर्वांत संथ दोलनाचा कालावधी सुमारे 54 मिनिटे आहे. आपण म्हणता ते दोन लाल प्रदेशही एस लहरींच्या (पी नंतर पोचणाऱ्या, खडकाला आडवे हलवणाऱ्या लहरींच्या) वेळांत आणि या दोलनांत, असे दोन्हीकडे दिसतात. ते आहेत यावर वाद नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मग लाल म्हणजे उष्ण, असे तरी म्हणता येईल ना?

उत्तर 3

तेवढेही थेट नको. लाल म्हणजे लहरींचा वेग त्या खोलीच्या सरासरीपेक्षा मंद, निळा म्हणजे जास्त. उष्णतेने वेग घटतो हे खरे, पण आफ्रिकेखालच्या प्रदेशाची कड काही ठिकाणी इतकी तीव्र आहे, की केवळ तापमानाने तिचा उलगडा होणे कठीण. खडकाची घडणही वेगळी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. दोलनांच्या काही अभ्यासांत हे प्रदेश भोवतालापेक्षा जड निघाले, तर काहींत हलके. माझ्या मते आजचा खरा प्रश्न घनतेचा आहे, आणि लहरींच्या वेळा घनतेविषयी फारच थोडे सांगतात.