मदत हवी आहे: फ्लोरेन्स ते लुक्का रिजनल ट्रेन, मध्ये पिसा, सोबत आई

नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी मी, आई (वय 71) आणि माझी लेक अशा तिघी इटलीला चाललोय. फ्लोरेन्सला 3 रात्री, मग लुक्काला 2. रोम-फ्लोरेन्स फास्ट ट्रेन बुक झालीये, अडलंय ते पुढच्या रिजनल गाडीपाशी.

आईला पिसाचा मनोरा बघायचाय. चढायचं नाहीये, नुसतं हिरवळीवर बसून डोळे भरून बघायचंय, शाळेच्या पुस्तकात चित्र होतं तेव्हापासून मनात आहे म्हणे. तर मी दोन मार्ग काढलेत. एक म्हणजे सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून एम्पोलीमार्गे पिसा चेंत्राले, तासाभराचा प्रवास, तिथे लगेज डिपॉझिटला बॅगा ठेवून मनोरा बघायचा आणि संध्याकाळी लुक्काची गाडी पकडायची, ती अर्ध्या तासाची. दुसरा म्हणजे प्रातो-पिस्तोइयावरून थेट लुक्का, दीडेक तास, बॅगा हॉटेलवर टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी नुसती पाण्याची बाटली घेऊन पिसाला जाऊन यायचं. यात पिसा सान रोस्सोरेला उतरता येतं, तिथून मनोरा जवळ आहे, चेंत्रालेवरून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मला दुसरा बरा वाटतोय, पण लेक म्हणते एक दिवस उगाच जातो, लुक्काच्या तटावरून सायकल कधी चालवायची?

खरी काळजी आईच्या गुडघ्याची. जिना उतरताना ती एका पायरीवर दोन्ही पाय टेकवते मगच पुढची पायरी, आणि कठडा अजिबात सोडत नाही. लुक्का आणि सान रोस्सोरेला लिफ्ट आहे का, चालू असते का? आणि या गाड्यांत चढायला पायऱ्या किती उंच असतात? सीट नंबर नसतो, म्हणजे मिळेल तिथे बसायचं, तर सकाळी कितीची गाडी जरा रिकामी असते?

तिकिटाचं मला कळलंय ते असं, की रिजनलचं भाडं कधीही काढलं तरी तेच, म्हणून आधीपासून काढायची घाई नको. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारायचाच, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करायचं. माझ्या मावसभावाने एकदा शिक्का मारला नव्हता, तिकीट खिशात असून दंड भरला, म्हणून जास्तच धास्ती आहे. बोर्डावर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहितात ना, म्हणजे लुक्कासाठी व्हियारेज्जो आणि पिसासाठी लिव्होर्नो शोधायचं, बरोबर?

अजून एक, संप. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरलेल्या रिजनल गाड्या संपातही सोडतात असं वाचलंय. कुणी त्या वेळेत खरंच प्रवास केलाय का, आणि वयस्कर माणूस सोबत असेल तर त्या गर्दीत चढवाल का?

आईला घेऊन या बाजूला गेलेलं कुणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा, हॉटेल या रविवारी पक्कं करायचंय.