अंगणात नाताळची सजावट, बजेट फक्त १५००, काय काय जमेल?

गिरीजची_लेक

नमस्कार सगळ्यांना. आमचं घर वसईत गिरीजला, जुनं कौलारू, पुढे अंगण असेल साधारण २० बाय १५ फूट, एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला आंबा आणि दोन नारळ. गेली दोन वर्षं घरात दुःख होतं म्हणून नाताळला एक चांदणी (चांदणीच्या आकाराचा कंदील) टांगायची आणि झालं, एवढंच चाललेलं. यंदा आजी स्वतःहून म्हणाली, गोठा (येशूजन्माचा देखावा) करा गं, मला अंगण उजळलेलं बघायचंय. तिचं वय ८४, गुडघे अजिबात साथ देत नाहीत त्यामुळे रात्रीच्या मिस्साला नेता येत नाही, ती ओट्यावर खुर्चीत बसते आणि तिथून जे दिसेल तोच तिचा नाताळ. म्हणून मला हे मनापासून नीट करायचंय.

पण पावसाळ्याआधी कौलं बदलली, भावाची फी भरली, त्यामुळे १५०० च्या वर एक रुपया नाही काढता येणार. घरात काय आहे ते सांगते, दिवाळीच्या लाइटच्या ३ माळा (एक अर्धीच पेटते), बरीच गोणपाटं, बांधकामाच्या उरलेल्या विटा, रंगाचे रिकामे डबे, आणि बाळ येशू, मरिया माता, संत योसेफ यांचे जुने पुतळे, योसेफाचा हात तुटलाय. बाजारात तयार गोठा बघितला, तो काही आपल्या आवाक्यातला नाही. भाऊ म्हणतो किनाऱ्यावरून सुरूचं एक झाड तोडून आणू ख्रिसमस ट्रीला, फुकटात काम होईल. आणि थर्माकोलचे डोंगर करू म्हणतो. आज ८ तारीख, हातात १६ दिवस आहेत. चांदणी घरी करता येते का आणि सुरुवात कुठून करू, प्लीज सांगा.

नंदाखालचा_सुतार

ताई, आधी भावाला दोन्ही गोष्टींना नाही म्हणा. किनाऱ्यावरचे सुरू वारा अडवायला आणि वाळू धरून ठेवायला लावलेत, विनापरवानगी तोडला तर गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी आपल्याच गावाचं कुंपण आपण कशाला काढायचं. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. झाड हवंच असेल तर आंब्याची किंवा पेरूची छाटणीत निघालेली एक फाटेवाली सुकी फांदी घ्या, चुना कालवून त्यात थोडा फेविकॉल घाला म्हणजे हाताला लागत नाही, दोन हात मारा, रंगाच्या डब्यात विटांचे तुकडे ठासून उभी करा. रात्री माळ सोडली की पांढरी फांदी जी उठून दिसते ती हिरव्या प्लास्टिकच्या झाडाला येत नाही, हे माझं ठाम मत.

आता चांदणी. घरी होते आणि एका संध्याकाळी होते. एक सरळ बांबू आणा, त्याच्या बोटाएवढ्या रुंद कांब्या चिरून घ्या, चिरणाऱ्याकडूनच चिरून आणल्या तर उत्तम. तुम्हाला ३६ इंचाच्या १० कांब्या लागतील आणि ७ इंचाचे ५ तुकडे. प्रत्येक लांब कांबीवर दोन्ही टोकांपासून पावणेचौदा इंचांवर पेन्सिलने खूण करा, मध्ये साडेआठ इंच उरतील. आता पाच कांब्या जमिनीवर चांदणीसारख्या मांडा, कांब्या एकमेकींना फक्त या खुणांवरच छेदल्या पाहिजेत, तसं झालं की पाची कोन आपोआप सारखे येतात, कोनमापक लागत नाही. लोक अंदाजाने बांधतात आणि मग एक पाय लांब एक आखूड होतो. टोकं सुतळीने बांधा. अशा दोन चांदण्या करा, एकीवर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा, आणि आतल्या पाच छेदांमध्ये ते ७ इंचाचे तुकडे उभे अडकवा, म्हणजे पोट फुगतं. तीन फुटांची भरदार चांदणी तयार.

कागद पतंगाचा घ्या, जिलेटिन नको, जिलेटिनमधून आतला बल्ब नागडा दिसतो, पतंगाच्या कागदात उजेड पसरतो. खळ मैद्याची, पातळ. खालच्या दोन पायांच्या मधली एक बाजू न चिकटवता ठेवा, तिथून बल्ब आत जाईल. माझा बांबू, कागद, सुतळी मिळून खर्च गेल्या वर्षी ३०० च्या आत झाला होता.

आणि एक. काहीही लावायच्या आधी रात्री आजीच्या खुर्चीत तुम्ही स्वतः दहा मिनिटं बसा. तिथून ओट्याचा खांब आड येतो का, काय दिसतं काय नाही ते बघा, आणि मगच चांदणीची आणि गोठ्याची जागा ठरवा. माझ्या आईसाठी आम्ही गोठा जमिनीवर केला होता, फार मेहनत घेतलेली, आणि तिला बसल्या जागेवरून कठड्यामुळे फक्त छप्पर दिसायचं. तिने कधी बोलून नाही दाखवलं. मला ते नंतर कळलं, अजून मनाला लागतं.

म्हापसेकर

वरच्या दादांनी शेवटी सांगितलंय ते सगळ्यात महत्त्वाचं. विटा आहेत तर दोन-अडीच फूट चौथरा रचा, कोरडाच, सिमेंट नको, आणि गोठा त्याच्यावर करा.

मी गोव्यातून, आमच्याकडे चांदणीला नखेत्र म्हणतात आणि गोठ्याच्या वाड्यावाड्यांत स्पर्धा लागतात, लहानपणापासून दरवर्षी हात चिखलात असतो म्हणून सांगतो. तुम्हाला आज-उद्या एकच गोष्ट गोळा करायचीय, गहू. गोठ्याभोवतीचं हिरवं कुरण विकत घेऊ नका, पेरा. अर्धा किलो गहू पुरतो, थोडी नाचणी असेल तर तीही, ती बारीक मऊ येते आणि गव्हाच्या पुढे छान दिसते. रात्रभर भिजवायचं, सकाळी निथळून ओल्या फडक्यात दिवसभर बांधून ठेवायचं, कोंब दिसला की पसरट ट्रेमध्ये किंवा जुन्या थाळ्यांत दोन बोटं माती घालून दाट पेरायचं. नवरात्रात घटाला नऊ दिवसांत गहू जेवढा येतो तेवढाच इथे येतो, त्यामुळे १४ तारखेला माती लागली पाहिजे म्हणजे २४ ला बरोबर वीतभर. आधी पेरलं तर उंच होऊन आडवं पडतं, उशिरा पेरलं तर नुसते कोंब. आमच्याकडे एका वर्षी ४ तारखेलाच पेरलेला, नाताळला सगळं पिवळं लोळलेलं. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही.

डोंगरासाठी गोणपाटं तुमच्याकडे आहेतच. लाल माती आणि थोडा चुना पाण्यात दाटसर कालवा, गोणपाट त्यात बुडवून पिळा, आणि उलट्या टोपल्या, विटा, डबे यांच्यावर सुरकुत्या पाडत टाका. दोन दिवस उन्हात वाळलं की कडक होतं, अगदी खडकासारखं. भिंती केळीच्या वाळलेल्या सोपटांच्या (खोडाच्या सालींच्या) करा, वसईत केळी आहेत म्हणजे सोपटं मागितली तर कोण नाही म्हणणार. छपराला भाताचा पेंढा. गोठ्यात मेणबत्ती मात्र अजिबात नको, पेंढा क्षणात धरतो.

योसेफाच्या हाताचं वाईट वाटून घेऊ नका, गणपतीच्या कारखान्यात शाडूची मूठभर माती मागा, हात घडवा, सावलीत वाळवून चिकटवा आणि रंगवा. मेंढपाळ, मेंढरं, राजे यंदा नसले तरी चालतात. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चोला पहिला गोठा मांडला तेव्हा त्यात गवताने भरलेली गव्हाण, एक बैल आणि एक गाढव होतं, एवढ्यावर लोक आनंदून गेले. तुमच्याकडे पवित्र कुटुंब आहे, खूप झालं. आणि बाळ येशू २४ च्या रात्रीच गव्हाणीत ठेवा, तोवर गव्हाण रिकामी. आजीच्या हातूनच ठेवायला द्या, चौथरा उंच असेल तर तिला वाकावंही लागणार नाही.

तारेवरचा_माणूस

मी वायरिंगची कामं करतो, तेवढंच बोलतो, पण हे नीट वाचा कारण पैसे वाचवायला लोक इथेच चूक करतात.

डिसेंबरात वसईकडे पहाटे दव पडतं, पार टपटप. घरातल्या माळा अंगणात लावताना जोड सगळ्यात आधी बघा. जिथे पिन आणि सॉकेट जुळतात तो जोड जमिनीवर कधीच नको, वर टांगा, प्लास्टिकच्या बाटलीचा बूड कापून, कापलेली बाजू खाली ठेवून छत्रीसारखी त्याच्यावर बसवा. वायर जोडाकडे येताना आधी थोडी खाली झुकवून मग वर घ्या म्हणजे पाणी वायरीवरून घरंगळत जोडात शिरत नाही, झुकलेल्या जागीच गळून पडतं. वायरीला खिळा मारू नका, पत्र्याच्या कडेवरून किंवा लोखंडी ग्रिलवरून ताणून नेऊ नका, सुतळीने बांधा. विहिरीच्या कठड्यावर माळ सोडायचा मोह होईल, सोडू नका, पंपाची वायर तिथेच असते आणि ओलावाही. घरात ३० एमएचा (मिलिअँपिअरचा) ब्रेकर, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा, आहे का तेही बघून घ्या, त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, दाबल्यावर पडला पाहिजे. अर्धी पेटणारी माळ दुरुस्त करत बसू नका, उघडी टोकं राहतात. ती टाका आणि नवीन एक घ्या, १०० च्या आसपास मिळेल, हा खर्च कराच.

चांदणीत ९ वॅटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा. जुना ६० चा बल्ब अजिबात नाही, कागद जळतो. एक बल्ब आणि तीन माळा धरून साधारण २७ वॅट, रोज ५ तास, १४ दिवस, हिशोब करा, दोन युनिटसुद्धा होत नाहीत, त्यामुळे बिलाची काळजी नको. रात्री झोपताना मात्र सगळं बंद.

नगरी_पोर

आमच्याकडे नगरला गोठ्यापेक्षा अंगणाचंच जास्त असतं म्हणून लिहितेय. माझी आत्या अजून आठ दिवस आधी अंगण चोपून शेणाने सारवून घेते, सारवलेल्या जमिनीवर पांढरी रांगोळी जी बसते ती फरशीवर नाही बसत. चांदणी आणि गव्हाण ठिपक्यांनी काढतो, पाच रुपयांच्या पुडीत होतं. घोटीव कागदाच्या त्रिकोणी पताका करून सुतळीला चिकटवून घरापासून फाटकापर्यंत ओढायच्या, हे मुलांचं काम, आणि गाणी म्हणत फिरणारी मंडळी रात्री आली की त्यांना लांबून घर ओळखू येतं. दवाने पताका लोंबतात हे खरं, म्हणून आम्ही त्या २३ ला लावतो, आधी नाही.

अजून एक सांगू का, सगळ्या अंगणभर थोडं थोडं पसरू नका. एवढ्याशा माळा चार कोपऱ्यांत वाटल्या की अंगण उलट ओकंबोकं दिसतं. सगळा उजेड आजीच्या समोरच्या बाजूला आणा, बाकीचं अंगण अंधारात राहू दे. अंधार असल्याशिवाय चांदणी दिसत नाही.

गिरीजची_लेक

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री मी खरंच आजीच्या खुर्चीत जाऊन बसले. मी गोठा आंब्याखाली करणार होते आणि तिथून तो दिसतच नाही हो, खांब बरोबर मध्ये येतो! विहिरीच्या अलीकडे दोन नारळांच्या मधली जागा एकदम समोर येते. तर चौथरा तिथे, चांदणी दोन नारळांच्या मध्ये दोरीवर, दोन माळा तिथेच आणि एक चुन्याच्या फांदीवर. भावाने सुरूचा हट्ट सोडला, तोच बांबू चिरून आणायला गेलाय, खुणांचं माप त्याला हातावर लिहून दिलंय.

हिशोब असा बसतोय, चांदणी ३००, नवी माळ आणि बल्ब २२०, चुना फेविकॉल ब्रश १५०, गहू २५, कागद रांगोळी ८०, जाड एक्स्टेन्शन वायर ३५०. म्हणजे ११२५. उरलेल्या पैशांत आजीला पांढरी मेंढरं हवीयत, दोन घेईन.

पेंढ्याचंच जरा अवघड झालं, आमच्याकडे आता भात कोण लावतं, सगळीकडे बिल्डिंगी. शेवटी आजीने सांगितलं आगाशीच्या बाजूला तिच्या मावसबहिणीकडे अजून थोडं शेत आहे, तिने फोन लावायला सांगितला आणि दोघी पाऊण तास बोलत बसल्या. पेंढा रविवारी येतोय.

एकच शंका. शेजारच्या कोंबड्या दिवसभर आमच्याच अंगणात असतात, पेरलेला गहू त्या ठेवतील असं वाटत नाही. काय करू?

म्हापसेकर

पहिले पाच दिवस ट्रे घरात खिडकीपाशी ठेवा, मूळ धरलं की त्या उपटू शकत नाहीत पण शेंडे खुडतातच. बाहेर काढल्यावर दिवसा वर डालगं (बांबूची मोठी टोपली) पालथं घाला आणि डालग्यावर वीट ठेवा. आणि तेरवा गहू भिजत घालायला विसरू नका.

नंदाखालचा_सुतार

तेरवा नाही, १२ च्या रात्री. १३ ला फडक्यात, १४ ला माती. भावाला सांगा बांबू ओला असेल तर कांब्या एक दिवस उन्हात टाकून मगच बांध, नाहीतर वाळल्यावर गाठी सैल पडतात.