मदत हवी आहे : पामारिस लाँगस ही कंडरा नसलेल्या हातावर पीसी 6 हा ॲक्युपंक्चर बिंदू कसा शोधता?

नमस्कार मंडळी, मळमळ-उलटीसाठी पीसी 6 वापरणाऱ्या ॲक्युपंक्चरिस्टांना विचारायचंय. हा बिंदू हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून 2 त्सुन (ॲक्युपंक्चरमधलं माप) वर, पामारिस लाँगस आणि फ्लेक्सर कार्पी रेडिॲलिस या दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधोमध. 2 त्सुन म्हणजे पेशंटचीच तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जोडून होणारी रुंदी. आपली बोटं लावली की बिंदू हुकतो. पण अंगठा करंगळीला टेकवून मनगट वाकवायला सांगितलं, तर काहींच्या हातावर पामारिसची कंडरा उठतच नाही. ती जन्मतःच नसते. मग मधोमध कशाच्या?

सध्या फ्लेक्सर कार्पी रेडिॲलिसच्या करंगळीकडच्या कडेला लागून 0.25 × 25 मिमीची सुई, सरळ, जेमतेम अर्धा त्सुन. खालीच मीडियन नर्व्ह, म्हणजे हातातला एक मुख्य मज्जातंतू. सुईच्या जागी जडपणा आला तर उत्तम. मधल्या बोटापर्यंत करंट गेला तर सुई नर्व्हला लागलीय, ती लगेच मागे घ्यायची. तिथे सुई फिरवणं किंवा तिला विजेचं मशीन जोडणं अजिबात नको.

अशा हातावर तुम्ही सुई तिरपी घालता का? किती खोल? की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसारखं इथेही नुसत्या दाबावर भागवता? दाब देत असाल तर किती वेळ, तेही सांगा.