'कर्जावर कारवाई' म्हणजे नक्की कुणावर?

अनुवादू
मदत पाहिजे होती. एका अहवालाचं मराठी करालोय, उद्या सकाळी द्यायचंय आणि मथळ्यातच अडकलोय. मूळ असं आहे: 'पब्लिक फ्रस्ट्रेशन ओव्हर स्लो गव्हर्नमेंट ॲक्शन ऑन रायझिंग हाउसहोल्ड डेट'. मी केलेलं, 'वाढत्या घरगुती कर्जावरील संथ सरकारी कारवाईबद्दल जनतेत नाराजी'. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणते, म्हणजे कर्ज काढलेल्यांना पोलीस उचलंनात म्हणून लोक चिडलेत व्हय? परत वाचलं तर खरंच तसंच वाटालंय. आणि 'घरगुती कर्ज' म्हणजे तिच्या लेखी मामाकडनं आणलेलं, मसाल्यासारखं. मग काय लिहायचं?

पेठेतला पुणेकर
कर्जाचं नंतर, आधी एक शंका. परवा तुम्ही 'आमचे मिस्टर' असं लिहिलं होतं आणि आज 'अडकलोय'?

अनुवादू
बाईच आहे मी. कोल्हापुरात राजारामपुरीत वाढलोय, आमच्यात बायका पण आलो गेलोच म्हणतात. आता कर्जाचं सांगा.

शुद्धमती
मूळ चूक 'कारवाई'त आहे. कारवाई शिक्षेची असते. शासन जे करते ती कार्यवाही. 'वाढत्या कौटुंबिक ऋणभाराबाबत शासकीय कार्यवाहीतील विलंबामुळे जनक्षोभ' असे करावे. दिरंगाई वगैरे फारसी शब्द टाळावेत, आपल्याकडे 'विलंब' असताना गरज काय?

उसाचा कांडा
ऋणभार?? हे वाचून माझा बा म्हणंल कुणाचं लगीन हाय.

गुजरीकर
शुद्धमती, दिरंगाई फारसी हे बरोबर, 'दिरंग' म्हणजे उशीर. पण मग कर्जसुद्धा अरबीच, मूळ धातूचा अर्थ कापणे, कातरणे, जे हप्ते फेडतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. हप्ता फारसी, त्याचा अर्थ आठवडा. वसुली अरबी, तगादा अरबी, बाकी अरबी आणि ज्यांच्यावर चिडायचंय ते सरकारही फारसीच. तुमच्या नियमानं चाललो तर वाक्यात 'वाढत्या' तेवढं उरेल. आणि कार्यवाही हा काही फार प्राचीन शब्द नव्हे हो, फारसी कारवाईलाच (कार म्हणजे काम, ते चालू ठेवणं) संस्कृतचं उपरणं घातल्यासारखा वाटतो मला. अर्थ मात्र आता वेगळे पडलेत हे मान्य. मी ३१ वर्षं पतसंस्थेत काढली, आमच्याकडं 'कार्यवाही सुरू आहे' म्हणजे फाईल टेबलावर आहे आणि 'कारवाई सुरू आहे' म्हणजे जप्तीची गाडी दारात आहे. अनुवादूताईंच्या आईंचं बरोबर आहे.

पेठेतला पुणेकर
'उपाययोजना' सरळ आहे की. किंवा 'सरकार ठोस पावले उचलत नाही'.

शुद्धमती
पावले उचलणे हे इंग्रजीचे शब्दशः भाषांतर. मराठी माणूस पाऊल टाकतो, उचलत नाही.

उसाचा कांडा
सरकार उचलतंय ओ, टाकतच न्हाई.

बाकी 'घरगुती'वर मला बोलायचंय. रिझर्व्ह बँक जे हाउसहोल्ड डेट मोजते त्यात घराचं कर्ज, गाडी, क्रेडिट कार्ड, सोनंतारण हे तर आहेच पण शेतीचं आणि धंद्याचं पण धरतात. मग माझं पीककर्ज 'घरगुती' कसं? मी काय उसाची भाजी करून खातो? देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या वर गेलंय म्हणतात हे कर्ज. वाचणाऱ्याला वाटतंय लोकांनी टीव्ही फ्रीज घेतले. आमचं कसं होतंय बघा, ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, उशीर झाला तर १५ टक्के व्याज पण लिहिलंय. व्याज मिळालेला माणूस मला दाखवा, बिंदू चौकात सत्कार करतो. तोवर सोसायटीचं जुनं कर्ज भरून नवं उचलायला कुणाकडनं तरी हातउसनं काढायचं. हे हातउसनं कुठल्या अहवालात येत नाही. म्हणून 'कुटुंबांवरील कर्ज' लिहा, 'वरील' महत्त्वाचं.

अनुवादू
'कुटुंबांवरील कर्जाचा वाढता बोजा' चालेल का? की बोजा म्हटलं की सातबारा आठवतो?

गुजरीकर
आठवू द्या की. चांगलंच आहे.

शिंगणापूर नाक्याची मावशी
मी वाचत असते फक्त पण हप्त्यावरनं राहवलं नाही. गुजरीकर काका म्हणाले हप्ता म्हणजे आठवडा, आमच्या गल्लीत अजून तसाच आहे बघा, गटाचं कर्ज घेतलेल्या बायकांचा दर मंगळवारी हप्ता. एकीनं नाही भरला तर बाकीच्या नऊजणींनी काढून द्यायचा. ह्याला काय म्हणायचं सांगा, जामीन म्हणावं तर जामिनाला निदान विचारतात. २०२२ पासून नियम आहे म्हणे की कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त हप्ते बसता कामा नयेत. पण उत्पन्न लिहून घेणारा तोच आणि कर्ज देणारा पण तोच. शेजारणीचं त्यानं असं काय लिहिलं होतं की ती म्हणाली एवढं असतं तर मी तुला कर्ज दिलं असतं. गटाच्या कर्जाच्या वसुलीचा फोन सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर करायचा नाही हा पण नियम आहे, मी वसुलीवाल्याला ऐकवला. तर म्हणतो मावशी मी फोन कुठं केलाय, मी घरी आलोय.

पेठेतला पुणेकर
हा तगादा.

शिंगणापूर नाक्याची मावशी
तगादा कसला, जेवायलाच बसायचा बाकी होता.

गुजरीकर
मावशी, तुम्ही आमच्या आवडीच्या शब्दापाशी आणून सोडलंत. 'धरणं धरून बसणे'. आता धरणं म्हटलं की कलेक्टर कचेरीसमोरचा मांडव डोळ्यापुढं येतो. पण जुना अर्थ बघा, मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही सापडेल: धरणं धरायचा तो सावकार! पैसे बुडवणाऱ्याच्या दारात जाऊन उपाशी बसायचं, किंवा आपल्या वतीनं कुणाला तरी बसवायचं, आणि तो उपाशी म्हणून घरातल्यांनाही जेवता यायचं नाही. म्हणजे मावशींच्या दारातला तो पोरगा जुन्या अर्थानं धरणं धरून होता, फक्त उपाशी राहत नव्हता. 'त्रागा' त्याच घरातला. आज आपण रुसून आदळआपट केली की त्रागा म्हणतो, पूर्वी मागणी पुरी व्हावी म्हणून स्वतःला जखमा करून घेणं म्हणजे त्रागा. हे दोन्ही शब्द देणेकऱ्याच्या दारातले, आणि आता देणेकरीच ते घेऊन सरकारच्या दारात बसलेत. त्यामुळं फ्रस्ट्रेशनला 'नाराजी' लिहू नका ताई. नाराजी आहेर परत केला की येते. 'त्रागा' लिहा.

शुद्धमती
त्राग्यात दोष त्रागा करणाऱ्याकडे जातो. वाचक म्हणेल, लोक उगीच त्रागा करतात. 'असंतोष' हा भारदस्त शब्द आहे, टिळकांमुळे त्याला वजनही आहे.

उसाचा कांडा
हे एक पटलं शुद्धमतींचं. पहिल्यांदाच.

अनुवादू
मी 'वैताग' म्हणणार होतो.

पेठेतला पुणेकर
वैताग बस उशिरा आल्यावर येतो. इथे पाहिजे 'चीड'. आणि सगळा मथळा मोडून सरळ म्हणच टाका की: 'सरकारी काम, बारा महिने थांब'.

उसाचा कांडा
सहा महिने.

पेठेतला पुणेकर
बारा. माझी आजी बाराच म्हणायची.

उसाचा कांडा
पुण्यात दुप्पट लागत असतील. सरकारी काम सहा महिने थांब, अख्खा महाराष्ट्र म्हणतो.

गुजरीकर
दोन्हीही आशावादी आहेत. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले मे १८७५ मध्ये, शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला १८७९ ला. चार वर्षं. सावकारीचा १९४६ चा कायदा होता, तो बदलून नवा यायला २०१४ उजाडलं. लोन ॲपवाल्यांनी लोकांच्या फोनमधले नंबर काढून नातेवाइकांना फोन करायला सुरुवात केल्यावर रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२१ मध्ये अभ्यासगट नेमला, नियम आले सप्टेंबर २०२२ मध्ये. त्या मानानं हे विमानच म्हणायचं. आणि २०१४ च्या कायद्याखाली ठरवलेले दर बघा, शेतकऱ्याला तारणावर ९ टक्के, विनातारण १२, इतरांना १५ आणि १८, हे सगळे वर्षाचे. आपल्याकडं 'तीन टक्क्यानं काढले' म्हणतो तेव्हा ते महिन्याचे असतात हे सांगायचीसुद्धा गरज पडत नाही. एकच शब्द, टक्का, कायद्यात वर्षाचा आणि गल्लीत महिन्याचा. ह्यावर कुणी लिहीत नाही, सगळे ऱ्हस्वदीर्घावर भांडतात.

शुद्धमती
ऱ्हस्व नव्हे, ह्रस्व.

गुजरीकर
घ्या.

अनुवादू
लोकहो, साडेदहा वाजलेत. आतापर्यंतचं असं झालंय: 'कुटुंबांवरील कर्जाचा वाढता बोजा: सरकारी दिरंगाईविरुद्ध लोकांमध्ये' आणि पुढं मोकळंच आहे. कारवाई काढूनच टाकली, दिरंगाईत बसते ती. चीड, असंतोष की वैताग?

उसाचा कांडा
दिरंगाई पण सौम्य वाटालीय मला. दिरंगाई म्हणजे करायचं आहे पण उशीर होतोय. हितं करायचंच नसतं. 'चालढकल' पाहिजे. नाहीतर 'टोलवाटोलवी', तहसीलदार म्हणतोय उपनिबंधकाकडं जा, उपनिबंधक म्हणतोय पोलिसांत जा, पोलीस म्हणतोय हे दिवाणी आहे.

पेठेतला पुणेकर
टोलवाटोलवी हा विटीदांडूचा शब्द आहे ना? विटी टोलवणे.

शिंगणापूर नाक्याची मावशी
आणि विटी कोण ते सांगायलाच नको. मी तर बायकांना सांगत असते ते गटाचं कर्ज नको, आपली भिशी बरी, व्याज लागलं तरी घरातच फिरतंय. अंबाबाईच्या कृपेनं अकरा वर्षं चाललीय, एक रुपया बुडाला नाही.

पेठेतला पुणेकर
भिशी हा शब्द कुठून आला हो? खानावळीलाही भिशी म्हणायचे ना पूर्वी, आमच्या होस्टेलला होती.

गुजरीकर
सगळ्यांनी मिळून पैसे घालून चालवायची ती भिशी, मग जेवण असो की पैसा. मला वाटतं खानावळीचीच आधी.

शुद्धमती
हिंदीत 'बीसी' म्हणतात. वीस जणांची ती बीसी, त्यावरून भिशी. सरळ आहे.

उसाचा कांडा
ब चा भ कुणी केला मग? कोल्हापूरकरांनी?

अनुवादू
चीड, असंतोष की वैताग ओ??

शुद्धमती
उच्चार बदलतात. पण मूळ संख्या वीसच.

शिंगणापूर नाक्याची मावशी
आमच्यात बावीसजणी आहेत. दोघींना काढू का?