टप्प्याइतकाच कापलेल्या कडेचा अहवालही पाहावा
गुदाशयाच्या (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या) कर्करोगात रुग्ण किती वर्षे जगेल हे केवळ निदानाच्या वेळी आजार कोणत्या टप्प्यात होता यावर ठरते, असे म्हटले जाते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण टप्पा सारखा असलेल्या दोन रुग्णांची वाटचालही वेगळी होते आणि त्यात शस्त्रक्रियेच्या दर्जाचा वाटा मोठा असतो. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण त्यातील लसीकाग्रंथींसह अखंड काढण्याची पद्धत मांडली, आणि ती रुळल्यावर त्याच जागी आजार उलटण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पॅथॉलॉजी अहवालात (काढलेल्या भागाच्या प्रयोगशाळेतील तपासणीच्या अहवालात) कर्करोगाच्या गाठीपासून कापलेल्या कडेपर्यंतचे अंतर १ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का आणि किमान १२ लसीकाग्रंथी तपासल्या आहेत का, हे नातेवाइकांनी आवर्जून विचारावे. आधी किरणोपचार झाले असल्यास ग्रंथी कमी सापडू शकतात, तेवढ्याने घाबरू नये.

यावल तालुक्यातील माझ्या मामांचे शौचातून रक्त जात होते, तरी केळीची कटाई आटोपू दे म्हणत त्यांनी आठ महिने मूळव्याधीचीच औषधे घेतली, आणि तोवर एकाही डॉक्टरांनी बोट घालून तपासणी केली नाही. जळगावला ती झाली तेव्हा गाठ बोटाला सहज लागली. दोन मिनिटांच्या त्या तपासणीअभावी गेलेले महिने मला अजून सलतात.